अण्णांची चावी जमा होणार नाही

मंडळी, बसून घ्या. मागं उभ्या राहिलेल्या बायांनो, इकडं नळाच्या ओट्यावर बसा. चालतं. अण्णाही इथंच बसायचे.

मला भाषण येत नाही. मघाशी युनियनचे भाऊ म्हणाले, कुसुमताई, दोन शब्द बोला. काल सकाळपासून मनात जुळवाजुळव करतेय, ती इथं उभी राहिले तर सगळी विस्कटली. तरी बोलणार. कारण माझ्याआधी जे बोलले त्यांनी सांगितलं, अण्णा म्हणजे देवमाणूस, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला कळेना, आपण नेमकं कुणाच्या शोकसभेला आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काशिनाथ अण्णा पाणीखात्यात लाइनमन होते. मूळचे गंगापूर तालुक्यातले, रोजंदारीवर खड्डे खणायला शहरात आले, आणि त्याच खड्ड्यांतल्या पाइपांवर त्यांची हयात गेली. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे त्यांचं काम. फोटोसमोर टेबलावर ती लोखंडी चावी ठेवलीय बघा, कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा. ती त्यांची. जमिनीतले व्हॉल्व्ह तिनंच फिरतात.

आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू. शहराचं नाव बदललं, पाण्याचा वार नाही बदलला. आठव्या दिवशी अण्णा यायचे, मारुतीच्या देवळामागचा व्हॉल्व्ह उघडायचे आणि चावीनं पाइपावर तीन टोले द्यायचे. टण, टण, टण. मग सगळी गल्ली गप्प व्हायची. भांडणारी बाई भांडण थांबवायची. लेकरू रडत असलं तर त्याच्या तोंडावर हात जायचा. कारण नळात आधी हवा येते, तिचा आवाज ऐकायचा असतो. हवा बोलली की पाणी येणार. ती शांतता तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या ओळीत बसलेल्या साहेब लोकांना माहीत नाही. त्यांच्याकडं टाकी आहे.

आता ऐका. अण्णांची चूक झाली होती. मोठी चूक. आणि ती मी आज सांगणार, कारण ती त्यांनी स्वतः कधी झाकली नाही.

लाइनमन लोकांची एक रीत होती. पाइपांचा कागद कुणाकडं नव्हता. नकाशा डोक्यात. जुना माणूस निवृत्त होताना नव्याला हाताशी धरून एक अख्खा उन्हाळा पायी फिरवायचा. इथं वाकतो, इथं डांबराखाली गेलाय, हा अर्धा उघडायचा, ह्याला जोर लावून नाही फिरवायचं. मग शेवटच्या दिवशी चावी त्याच्या हातात द्यायची. अण्णांना त्यांच्या उस्तादानं अशीच दिली. लिहून काही ठेवायचं नाही, हा दंडक. आणि अण्णांनी तो मोडला.

का मोडला? कंपनी आली म्हणून. तुम्हाला आठवत असेल, शहरभर मोठे मोठे फलक लागले होते. हसणारी बाई, हातात काचेचा ग्लास. चोवीस तास पाणी. खातं आता फक्त देखरेख करणार, पाणी कंपनी देणार. आम्ही विचारलं, मग खातं कशाला? तर म्हणाले, ताई, धंदा करणं हे सरकारचं काम नाही. बरोबर आहे. मग धंदा करणाऱ्याच्या हातात सरकार का देता? ह्याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. पुढं बसलेल्यांपैकी कुणाला द्यायचं असेल तर माइक इथंच आहे.

कंपनीकडं सगळं होतं. गाड्या होत्या, पिवळ्या टोप्या होत्या. फक्त पाणी कुठून कुठं जातं ते ठाऊक नव्हतं. ते अण्णांच्या डोक्यात होतं. मग खात्याच्या साहेबांनी अण्णांना खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत त्यांना कुणी बस म्हणालं. साहेब म्हणाले, काशिनाथ, एकदा सगळे व्हॉल्व्ह कॉम्प्युटरात गेले की कुणाचा फोन चालणार नाही. बंगल्याला जेवढं, तेवढंच झोपडीला.

मंडळी, हे ऐकून अण्णा फसले. मी त्यांना हसत नाही. अख्खी नोकरी त्या माणसानं फोन ऐकण्यात घालवली होती. ह्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याकडं लग्न आहे, दोन आटे जास्त दे. त्या डॉक्टरची बाग वाळतेय, दोन आटे जास्त दे. त्यांना वाटलं, यंत्र आलं तर वशिला मरेल. घरी वैनींना म्हणाले, आपण मरायच्या आधी न्याय येतोय. वैनी इथं बसल्या आहेत, त्यांना विचारा.

मग ते कंपनीच्या एका इंजिनियर पोरीला घेऊन उन्हातान्हात फिरले. ती पोर चांगली होती, मी तिला दोष देत नाही, तिला नोकरी होती. अण्णा पायानं जागा दाखवायचे, ती मोबाइलात टिपायची. एकेक व्हॉल्व्ह दाखवला. आणि शेवटी, आपण होऊन, आपला दाखवला. देवळामागचा.

तो व्हॉल्व्ह खात्यानं बसवलेला नव्हता. तो अण्णांनी बसवला होता. कारण आपली वस्ती कागदावर नव्हती. मतदार यादीत होतो, पाण्याच्या यादीत नव्हतो. तेव्हा अण्णांनी मोठ्या लाइनीतून एक फाटा काढला आणि आपल्याला पाणी दिलं, कुणाला न विचारता. आता त्यांना वाटलं, हाही कागदावर यावा. लपून का प्यायचं? हक्कानं पिऊ. म्हणून दाखवला.

महिन्याच्या आत आपला नळ बंद झाला.

का, तर कंपनीचा अहवाल आला होता. युनियनच्या भावांनी तो मिळवून मला वाचून दाखवला. त्यात आपली वस्ती कशात धरली होती, माहीत आहे? गळतीत. पाइप फुटून मातीत जाणारं पाणी आणि तुमच्या माझ्या घागरीत येणारं पाणी, दोन्ही एकाच रकान्यात. आम्ही वाया जाणारं पाणी होतो. आमची लेकरं आंघोळ करत होती, ती गळती होती. शेजारच्या रबियाआपाची सासू अंथरुणावर होती, तिचं अंग पुसणं गळती होती. कंपनीनं गळती थांबवली, आणि वर्तमानपत्रात तिची पाठ थोपटली गेली.

त्या दिवशी अण्णा वस्तीत आले. कुणी बोलावलं नव्हतं. ह्याच ओट्यावर उभे राहिले, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह मी दाखवला. चूक माझी हाये."

मी त्यांच्या अंगावर रिकामी घागर फेकली. व्हय, मीच. खांद्याला लागली. ते हलले नाहीत. मी त्यांना नाही नाही ते बोलले, आईवरून बोलले. आता फोटोकडं बघून माफी मागावी असं वाटतं, पण खरं सांगू, तेव्हाचा राग खोटा नव्हता. मला साहेबानं फसवलं, असं ते म्हणू शकत होते. कितीजण म्हणतात. हे नाही म्हणाले. घागर उचलली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "बोलून झालं असंल तर बसू. ही कशी उघडायची ते बघू."

तिथून लढाई सुरू झाली.

आणि तिथूनच मला बाकीचं दिसायला लागलं. मी शाळेत खिचडी शिजवायची. लई वर्षं शिजवली. एक दिवस सांगितलं, उद्यापासून खिचडी टेम्पोतून येणार, बाहेरच्या संस्थेला काम दिलंय, तुमची गरज नाही. मला वाटलं माझं नशीब. माझ्या भावाची वाळूजला कारखान्यात नोकरी, दर काही महिन्यांनी त्याला काढतात, दोन दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतात. त्याला वाटलं त्याचं नशीब. दवाखान्यात तपासणीचं मशीन खासगी माणसाचं. त्याच्या रांगेत उभ्या बाईला वाटतं तिचं नशीब. अण्णा एकदा म्हणाले, "कुसुम, सगळ्यांचं नशीब एकाच वेळी कसं फुटलं? कुणीतरी फोडलं असंल ना." शाळा, दवाखाना, कारखाना, नळ. सगळीकडं एकच कंत्राट, नावं फक्त वेगळी. आणि ह्याला ते म्हणतात सुधारणा. कंपनीचा पहिला कागद आला त्यावर लिहिलं होतं, प्रिय ग्राहक. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामात आम्हाला कुणी प्रिय म्हटलं, आणि त्याच कागदात नळ तोडल्याचं कळवलं होतं.

आम्ही क्रांती चौकातून मोर्चा काढला. अर्ज दिले. निवेदनं दिली. साहेबांनी प्रत्येक वेळी हसून घेतली. नळ कोरडाच. टँकर कधी यायचा, कधी नाही.

तोवर अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस भरला नाही. जागाच रद्द केली. म्हणजे चावी द्यायची कुणाला, ह्याचंही उत्तर खात्यानं देऊन टाकलं. ती अण्णांकडंच राहिली.

मग एका सकाळी, उजेडी, दहाच्या सुमाराला, अण्णा चावी घेऊन देवळामागं आले. आम्ही अकरा बाया चेंबरच्या भोवती बसलो. पोलीस आले. फौजदार म्हणाले, काका, वय बघा, कशाला ह्या भानगडीत पडता. अण्णांनी चावी लावली, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडला, आणि पाइपावर तीन टोले दिले. इतक्या महिन्यांनी. फौजदारसुद्धा गप्प उभे राहिले. हवा बोलली. पाणी आलं. आणि त्यानंतर अण्णांना गाडीत घातलं, व्हॉल्व्ह परत बंद केला.

गुन्हा काय लावला? पाणीचोरी. आणि सरकारी कामात अडथळा. पहिला आरोपी काशिनाथ अण्णा, त्यांच्यामागं आम्ही अकराजणी. ज्या माणसानं अर्ध्या शहराला पाणी पाजलं तो पाण्याचा चोर. ज्यांनी अख्खी पाइपलाइन उचलून कंपनीच्या पदरात घातली ते विकासपुरुष.

आता पुढचं ऐका, ह्यात हसायला हरकत नाही. अण्णा असते तर हसले असते.

आपला फाटाच कापून टाकायला कंपनीनं मोठ्या लाइनीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करायचं ठरवलं. पिवळ्या टोप्या आल्या. मोबाइलात बघितलं, जागा बरोबर सापडली. चावी लावली, बंद करायला उजवीकडं फिरवली. फिरेना. दोघं लटकले. फिरेना. मग दांड्याला लांब पाइप जोडून चौघांनी जोर लावला, आणि आतला आटा तुटला. तो व्हॉल्व्ह जुना, उलट्या आट्याचा होता. उजवीकडं उघडतो, डावीकडं बंद होतो. आधीच पूर्ण उघडा असलेला व्हॉल्व्ह ते उघडत बसले होते. पाणी अडवणारी आतली पाती खाली पडली आणि लाइन बंद झाली. आपली तर बंदच होती. पुढच्या बंगल्यांचीही झाली. साहेबांच्या कॉलनीचीही झाली.

आणि आता ते दुसऱ्या कुठल्याच व्हॉल्व्हला हात लावायला धजेनात. कोणता सुलटा, कोणता उलटा, कॉम्प्युटरात नव्हतं. अण्णा जामिनावर सुटून घरी आले होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही मुद्दाम लपवलं होतं का? तर म्हणाले, "नाय गं. मला कुणी विचारलंच नाय. त्या मोबाइलात तसा रकानाच नव्हता."

चौथ्या दिवशी साहेबांची गाडी अण्णांच्या दारात. पाण्याच्या चोराच्या दारात. अण्णांनी त्यांना चहा दिला. म्हणाले, करून देतो, पण आधी देवळामागचा उघडायचा, आणि तसं लिहून द्यायचं. लिहून दिलं. नळ सुरू झाला. आम्ही गुलाल आणला, अण्णांनी लावू दिला नाही. कागदाची शेवटची ओळ त्यांनी बोटानं दाखवली. पुढील आदेशापर्यंत. म्हणाले, हे पाणी नाय, ही मुदत हाये.

आणि मग त्यांनी जे केलं ते पुढच्या ओळीनं नीट ऐकावं. त्या उन्हाळ्यात अण्णांनी आम्हा अकराजणींना पायी फिरवलं. एकेकीला. रीतीप्रमाणं. इथं वाकतो, इथं डांबराखाली गेलाय, हा उलटा, हा सुलटा, ह्याला जोर लावून नाही फिरवायचं. माझे गुडघे दुखायचे, तर म्हणायचे, घागर फेकताना नाय दुखले. रबियाआपाला मराठी आकडे जड जायचे, तिला ते दख्खनीत मोजायला लावायचे. खात्यानं माणूस भरला नाही, अण्णांनी अकरा भरल्या.

ते गेले त्या दिवशी कोर्टाची तारीख होती. तारीख पुढं ढकलली. परत आले, ऊन होतं, ह्याच ओट्यावर बसले. पाण्याचा वार होता. त्यांनी रबियाआपाला विचारलं, आज किती वाजता आलं? ती म्हणाली, बारा बजे आया, अण्णा. त्यांनी विचारलं, "दाब?" ती म्हणाली, अच्छा था. त्यांनी मान हलवली, भिंतीला पाठ टेकली. वैनींना बोलवायला मी धावले. आम्ही येईपर्यंत ते गेले होते.

मला माफ करा. घोटभर पाणी पिते.

हं. तर आज ह्या सभेत तीन गोष्टी आल्या आहेत. एक, कंपनीचा हार. तो तिथं खुर्चीवर आहे, फोटोला मी घालू दिला नाही. वैनींनीच सांगितलं, नको. दोन, साहेब मघाशी म्हणाले, टेकडीवरच्या नवीन टाकीला अण्णांचं नाव द्यायचा विचार आहे. साहेब, कोर्टात त्यांचं नाव चोर म्हणून लिहिलंय. आधी ते खोडा. आम्हा अकराजणींची नावंही खोडा. मग टाकीला कुणाचंही नाव द्या, तुमचं द्या.

आणि तिसरी गोष्ट. अण्णा गेल्याच्या चौथ्या दिवशी, घरात सुतक असताना, वैनींकडं दोन कागद आले. पहिल्यात लिहिलंय, मयत कर्मचाऱ्याकडची व्हॉल्व्हची चावी सरकारी मालमत्ता असून ती तात्काळ जमा करावी. दुसरा वस्तीसाठी आहे. पुढील आदेश निघाला. सोमवारी सकाळी देवळामागचा व्हॉल्व्ह कायमचा बंद होणार. माणूस जायचीच वाट बघत होते. त्यांना वाटलं, काशिनाथ गेला, आता कुणाला विचारायचं, कुणाला भ्यायचं.

साहेब, तुम्ही हार घेऊन आलात आणि खिशात हा आदेश आहे. तुमचं दुःख खरं असेल तर तो इथंच फाडा. नसेल फाडता येत तर तोंड पाडून बसू नका, आम्हाला त्रास होतो. आम्हाला तुमची सहानुभूती नको. आम्हाला नळ पाहिजे, तोही उपकार म्हणून नको.

चावीचं उत्तर वैनींनी मला सांगायला सांगितलंय. चावी जमा होणार नाही. रीत अशी आहे की चावी हातातून हातात जाते. ती गेली. कुणाच्या हातात गेली ते सोमवारी बघायला या. सकाळी दहा वाजता, उजेडात, अण्णा आले होते त्याच वेळेला आम्ही देवळामागं असू. आणि भावांनो, तुम्हीही नुसता व्हिडिओ काढायला येऊ नका. बसायला या.

आता शेवट. कार्यक्रमपत्रिकेत दोन मिनिटं स्तब्धता लिहिली आहे. ती नको. घड्याळात बघून पाळायचं दुःख अण्णांना चालायचं नाही. त्यांनी आपल्याला आपली एक शांतता दिली होती, तीच पाळू. मी ही चावी उचलते. नळाच्या पाइपावर तीन टोले देते. त्यानंतर कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढं उभं राहायचं. किती वेळ, ते आम्हा अकराजणींना माहीत आहे. आम्ही सांगू.

उठा. साहेब, तुम्हीही उठा. ही शांतता तुम्ही कधी ऐकली नाही, आज ऐका.

अण्णा, पाणी बारालाच आलं होतं. दाब चांगला होता. सोमवारीही येईल.

लाल सलाम, अण्णा.

घ्या, टोले मोजा. एक.